सतरंजीचे पट्टे

लातूरला आत्याकडं राहायला गेले त्या वर्षी तिच्या घरात कुठलीच भांडी नीट रचलेली नसायची. मांडणीच्या वरच्या फळीवर पालथा तांब्या, त्यावर पेला, पेल्यावर वाटी आणि वाटीत उभा चमचा, अशा तीन-चार उतरंडी तिनं मुद्दाम डुगडुगत्या ठेवल्या होत्या. जमीन जराशी हलली तरी त्या खाली येतील, आवाज होईल आणि घरातली माणसं बाहेर पळतील, असा त्यामागचा हिशोब. बहुतेक वेळा त्या मांजरच पाडायचं. तरी भांडी पडली की मामा ताटावरून उठून खरकट्या हातानंच अंगणात जाऊन उभे राहायचे. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात. हे मामा तहसिलात कारकून होते. भूकंपानंतरचे कित्येक महिने त्यांनी गावोगावच्या मेलेल्या माणसांच्या याद्या उतरवून काढल्या होत्या. एकेका घरातली सहा-सहा, सात-सात नावं. त्यातलं ते घरी काही सांगत नसत. पण पेला वाजला की उठायचे, आणि आत्या स्वयंपाकघरात जाऊन मांजराला हाकलून "या, काही न्हाई" म्हणेपर्यंत आत यायचे नाहीत.

मी नांदेडहून आलेली. भूकंपाच्या पहाटे आमच्याकडं खाट हलली होती, खिडकीची तावदानं वाजली होती आणि आई देवाचं नाव घेत उठून बसली होती. एवढंच. माझे वडील शाळामास्तर. शेजाऱ्यांना त्यांनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर आकृती काढून जमिनीच्या पोटात काय होतं ते समजावून सांगितलं, आणि मला वाटलं, आता भिण्यासारखं काही राहिलं नाही. त्यामुळं लातूरची माणसं मला हसण्यासारखी वाटायची. अख्खी गल्ली घरं सोडून अंगणात, पत्र्याखाली झोपायची. पावसाळ्यातसुद्धा. मी एकटी आतल्या खोलीत, सिमेंटच्या छताखाली, पंखा लावून झोपायचे. सकाळी अंगणातल्या बायकांना "काय, रात्री कितीदा हललं?" असं विचारायचे. त्या हसून घ्यायच्या. आत्या म्हणायची, "लई धीट हाय आमची. मास्तरची लेक." त्या कौतुकाची मला फार गोडी लागली होती. पुढं जे झालं ते त्या गोडीनंच झालं, असं आज मला वाटतं.

बारावीचं वर्ष होतं. लातूरची पोरं बोर्डात चमकतात म्हणून आसपासच्या जिल्ह्यांतून मुलं तिथं येऊ लागली होती, आणि भूकंपानं ज्या गल्ल्या रिकाम्या झाल्या होत्या त्या शिकवण्यांच्या पाट्यांनी भरू लागल्या होत्या. एका घराच्या भिंतीला तडा, त्याच भिंतीवर भौतिकशास्त्राची पाटी. सकाळी पाचला सायकलींच्या घंट्या सुरू व्हायच्या. आत्या त्याच्या आधी उठून सुशीला करायची. चुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीत परतलेले, वर शेंगदाण्याचं कूट. डब्यात ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी नाहीतर अंबाडीची भाजी. आमटी सांडू नये म्हणून डब्याला ती फडक्याची गाठ अशी मारायची की सोडताना दात लावावे लागत. एवढं करूनही दप्तराला वास लागायचाच. आजही कुठं येसर भाजत असलं की मला गतीचे नियम आठवतात.

आमच्या सरांची शिकवणी एका आडत दुकानाच्या वर होती. खाली धान्याची पोती, वर एक लांबच लांब खोली, आणि चढायला बाहेरून एकच अरुंद लोखंडी जिना. दीडशे मुलं जमिनीवर मांडी घालून बसायची. मुली डावीकडं, मुलं उजवीकडं. सर चांगले होते, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. आवाज चढवत नसत. भूकंपाच्या गावांतून आलेल्या पाच-सहा मुलांना त्यांनी न विचारता बसवून घेतलं होतं. त्यातली एक कुसुम माझ्या शेजारी बसायची.

कुसुमची आई आणि दोन भाऊ त्या पहाटे गेले. वडील आधीच नव्हते. ती चुलत्यांकडं, लातूरच्या बाहेर पत्र्याच्या खोलीत राहायची. चुलते एका बांधकामावर राखणदार होते. ती बोलायची कमी, गणितं मात्र झपाझप सोडवायची आणि मला अडलं की वही माझ्याकडं नुसती सरकवायची. सगळ्यांना वाटायचं, ही सारखी दचकत असेल. मुली तिच्याशी हळू आवाजात बोलायच्या, सर तिला कधी उभं करून प्रश्न विचारत नसत. पण ती दचकत नसे. खाली पोत्यांचा ट्रक आला की आमची जमीन थरथरायची, तेव्हा मुलं एकमेकांकडं बघायची आणि कुसुम लिहीत राहायची. एकदा मी तिला विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"ट्रक हाय त्यो," ती म्हणाली.

"तुला कसं कळतं?"

तिनं पेन खाली ठेवलं. "खरा येतो तवा आधी ऐकू येतो. लांबून गाडी आल्यावानी. मग पायाला कळतो, ढुंगणाला कळतो. डोळ्याचं काय खरं न्हाई. आमच्याकडं तर अंधारच होता." मग थोडं थांबून म्हणाली, "शंका आली तर पाणी बघावं. गिलासातलं पाणी खोटं सांगत न्हाई." तिच्या दप्तराजवळ स्टीलचा एक गिलास नेहमी भरून ठेवलेला असायचा. मला वाटत होतं तिला तहान फार लागते.

संक्रांत होऊन गेली आणि शिकवणीचे तास वाढले. दुपारी बारा ते चार सलग. मुलं वाढली म्हणून सरांनी मंडपवाल्याकडून नव्या सतरंज्या आणवल्या. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, आणि पट्टे अगदी बारीक, काडीएवढे. भिंतीपासून भिंतीपर्यंत तेच. त्या दिवशी मी पहाटे साडेचारची उठलेली. खिडकीतून आलेलं ऊन बरोबर माझ्या पुढ्यातल्या सतरंजीवर पडलं होतं. सर फळ्यावर काहीतरी लांबलचक मांडत होते आणि मी उतरवून घेत होते. हात चालू होता, डोकं बंद पडलं होतं. मध्येच माझी नजर वहीवरून घसरून खाली सतरंजीवर गेली आणि तिथंच राहिली.

पट्टे चालायला लागले. आधी कडेनं, मग सगळेच. कॅनॉलला पाणी सोडल्यावर जशी तिरपी लाट पुढं जाते तसे ते माझ्या गुडघ्यांखालून निघून सरांच्या दिशेनं वाहत होते. मी बघत राहिले तसा वेग वाढला. काळं पांढऱ्यात शिरत होतं, पांढरं काळ्यात. मुलांच्या पाठी, चपला, दप्तरं, सगळं त्या वाहत्या जमिनीवर बसलेलं होतं. कानाला काही ऐकू आलं नाही. पायाला काही कळलं नाही. गिलास माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी तिकडं बघितलं नाही.

"हललं," मी ओरडले. "हललं, पळा."

माझा आवाज मला ओळखू आला नाही. लहान मुलीसारखा चिरका निघाला. पण मी उठायच्या आत खोली उठली होती. कुसुमनं माझं मनगट धरलं. "बस. काय न्हाई. खाली बस." ती मला ओढून बसवत होती आणि दुसऱ्या हातानं गिलास दाखवत होती. मी तिचा हात झटकला आणि भिंतीला चिकटून उभी राहिले. दीडशे मुलं एका दारातून निघत होती. सर फळ्याजवळून "थांबा, सावकाश" म्हणत होते. जिन्यावर पायांचा असा आवाज होत होता की मला खरंच वाटलं, इमारत कोसळायलीय. मग तो आवाज एकदम थांबला आणि खालून एकाच मुलीचं कण्हणं ऐकू आलं.

ती नसीम होती. घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांची मुलगी. गणितात पहिली येणारी, आणि मुलांच्या चिठ्ठ्या न वाचता परत पाठवणारी. जिन्याच्या वळणावर कुणाचा तरी धक्का लागून ती कठड्यावरून खाली पोत्यांच्या हातगाडीवर पडली होती. उजवा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला. बोर्डाची परीक्षा पाच आठवड्यांवर होती.

त्या संध्याकाळी आत्याच्या घरी मी जेवले नाही. मामा कचेरीतून आले तेव्हा मी त्यांना विचारलं, "आज दुपारी धक्का बसला का? नोंद आली का काही?"

"न्हाई," मामा म्हणाले. "का?"

"आमच्या शिकवणीत कुणीतरी ओरडलं."

कुणीतरी, असं मी म्हणाले. खोटं तिथंच सुरू झालं, आणि ते इतकं सहज आलं की माझं मलाच नवल वाटलं. आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, "त्या भूकंपातल्या लेकरांचं आसंच व्हनार बाई. मन फाटलेलं असतंय." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की लोक कुणाचं नाव घेणार आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला दुकानामागच्या त्यांच्या छोट्या खोलीत बोलावलं. तिथं कुसुम उभी होती, आणि तिचे चुलते डोक्याचा रुमाल हातात घेऊन बाकाच्या टोकाला बसले होते. काही मुलांचे आईवडील सरांकडं येऊन गेले होते, हे मला नंतर कळलं. सर खूप थकलेले दिसत होते.

"कुसुम," ते म्हणाले, "आवाज तुमच्या ओळीतून आला. पोरं सांगायलीत, तू ओरडलीस म्हणून."

"मी न्हाई ओरडले सर."

"मी तुला रागवत नाहीये. तुझ्यावर जे बेतलं ते दुसऱ्या कुणावर बेतलं असतं तर तो उभाही राहिला नसता. पण खरं काय ते सांग."

"खरंच न्हाई ओरडले. मी बसूनच होते."

"कधी कधी आपलं आपल्याला आठवत नाही, बाळा." सर इतक्या मायेनं बोलत होते की त्यापुढं काही बोलता येऊ नये. मग ते माझ्याकडं वळले. "तू शेजारी होतीस. कुसुमच ओरडली ना?"

मला आठवतं, त्या खोलीत गुळाच्या ढेपांचा वास येत होता. चुलत्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी मास्तरची मुलगी होते, नांदेडची, न भिणारी. सगळ्या गल्लीला हसणारी. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की सर, मी ओरडले, मला जमीन हलताना दिसली. यात शिक्षा होण्यासारखं काही नव्हतं. सर फार तर म्हणाले असते, जा, तोंड धुऊन ये. पण दीडशे मुलांना कळलं असतं की एवढी शहाणी होती, सतरंजीला भ्याली. आणि नसीमच्या घरी कळलं असतं.

मी मान हलवली. हो म्हणून.

तोंडानं एक अक्षर बोलले नाही. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी खोटं बोलले नाही, मी बोललेच नाही. कुसुमनं माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. एखादं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळलं नाही म्हणजे ती वहीकडं जशी बघायची तशी ती माझ्याकडं बघत होती. मग तिनं खाली मान घातली. चुलते उठले. "चल माय," म्हणाले. सर त्यांना दारापर्यंत सोडायला गेले, बरं वाटलं की पाठवून द्या म्हणाले. ती परत आली नाही. तिचा गिलास खोलीत तसाच राहिला होता. मंडपवाल्याच्या माणसानं सतरंज्या झाडताना तो खिडकीत उचलून ठेवला.

चार दिवसांनी मी लवकर जाऊन खोलीत एकटी बसले. सतरंजीवर पाण्याचा पेला ठेवला आणि पट्ट्यांकडं टक लावून बघितलं. ते चालायला लागले, तसेच, लाटेसारखे. पेल्यातलं पाणी आरशासारखं स्थिर होतं. मी डोळे मिटले, उघडले. पुन्हा तेच. म्हणजे मला शंकेला जागा राहिली नव्हती. हे मी एवढ्यासाठी लिहिते की लहान वय होतं, गोंधळ झाला, असं कुणी म्हणू नये. पाचव्या दिवशी मला सगळं माहीत होतं, आणि सरांची खोली जिना उतरला की होती.

आज मी विज्ञानाची शिक्षिका आहे. दरवर्षी नववीच्या मुलांना मी बारीक रेघांचा कागद देते आणि म्हणते, एका ठिपक्याकडं बघत बसा. थोड्याच वेळात वर्ग कुजबुजायला लागतो, मॅडम, रेघा पळायल्यात. मग मी सांगते, कागद हललेला नाही, तुमचे डोळे हलले. आपल्याला वाटतं आपण डोळा एका जागी ठेवलाय, पण तो कधीच ठरत नाही. सारखा बारीक बारीक झटके घेत असतो, मधल्या वेळात हळूच सरकत असतो. ठरला तर दिसायचंच बंद होईल. एरवी मेंदू हे हलणं आपल्याला कळू देत नाही. पण रेघा इतक्या दाट असल्या की डोळा केसभर सरकला तरी एका रेघेच्या जागी दुसरी येते, आणि मेंदूला वाटतं, बाहेरचंच काहीतरी चाललंय. आपलं हलणं तो जगावर ढकलतो. मुलांना हे फार आवडतं. मी हे वाक्य दरवर्षी सारख्याच आवाजात म्हणते.

नसीमला भेटायला आत्यानं मला नेलं होतं. डब्यात शिरा घेऊन. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं, सगळी वेगवेगळी वेळ दाखवणारी आणि सगळी टिकटिकणारी. नसीम खाटेवर बसून डाव्या हातानं आकडे काढायचा सराव करत होती. पहिलीतल्या मुलासारखे वेडेवाकडे आकडे येत होते. आत्या हळहळली आणि म्हणाली, "ती एक पोरगी हाय भूकंपातली, तिनं आरडलं म्हनं."

नसीमचे वडील डोळ्यावरचं भिंग काढून म्हणाले, "भाभीजान, ज्यानं आवाज दिला त्यानं डरून दिला असंल. डरलेल्या माणसाला काय बोल लावायचा? आमच्या घरात त्याला कोणी बद्दुआ देणार नाही." मग मला म्हणाले, "बेटा, तू शिरा खा ना. तुझा चेहरा का उतरला?"

मी तो शिरा खाल्ला. नसीमचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी ती परीक्षेला बसली असं ऐकलं, मग ते कुटुंब हैदराबादकडं गेलं. तिचा पत्ता मला अजून मिळालेला नाही. शोधते आहे.

माझा निकाल बरा लागला. वडिलांना वाटत होती तेवढी मोठी मजल काही मारली नाही. नांदेडलाच शिकले, शिक्षिका झाले, संसार झाला. कुसुमची आठवण यायची तेव्हा मी घाईनं काहीतरी काम काढायचे. मग दोन वर्षांमागं वर्गात रेघांचा कागद फिरत असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, तुम्हाला हे पहिल्यांदा कधी दिसलं?" साधा प्रश्न. "पुस्तकात," मी म्हणाले. आणि कागद गोळा करायला लागले. तीस वर्षांनी, काही कारण नसताना, एका चौदा वर्षांच्या पोरीशी मी पुन्हा तेच केलं होतं.

आत्यानं चौकशी करून सांगितलं, कुसुम चाकूरला दिली, अंगणवाडीत आहे, नवऱ्याची पिठाची गिरणी आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी बसनं चाकूरला गेले. तिचं घर शोधायला वेळ लागला नाही. गिरणीच्या आवाजानं सापडलं. ती दारात डाळ निवडत बसली होती. केस पांढरे झाले होते, मान मात्र तशीच खाली घातलेली. मी नाव सांगितलं तेव्हा तिनं डोळे बारीक करून बघितलं आणि हसली. "आगं बाई. शिकवणीतली. तुझ्या डब्याला येसराचा वास यायचा." तिनं चहा टाकला. नवरा गिरणीतून पिठानं पांढरा होऊन डोकावून गेला. मोठी मुलगी लातूरला नर्सिंग शिकते म्हणाली, धाकटी आत अभ्यास करत होती. मी चहा हातात धरून बसले आणि मग सांगितलं. सगळं. पट्टे, गिलास, सरांची खोली. तिच्याकडं न बघता सांगितलं.

तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. गिरणी चालू होती.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

"मी ओरडले होते. तू नाही."

"मी बसलेली होते?"

"हो. तू माझं मनगट धरून मला बसवत होतीस."

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "मला तर वाटत होतं, मीच ओरडले," ती म्हणाली. "पयल्यांदा मी न्हाई म्हनलं सरांना. मला पक्कं ठाऊक होतं. मग तू मान हलवलीस. मला वाटलं, ही शेजारी होती, हिला काय गरज खोटं सांगायची? म्हंजे मीच आरडले असन आन् मला आठवत नसंल. सर बी तेच म्हनले. चुलते म्हनले, डोक्यात धरनी शिरलीय पोरीच्या."

मी काही बोलायला गेले. तिनं हात वर करून थांबवलं.

"डीएडला नंबर लागला होता माझा. हॉस्टेलात राहावं लागनार होतं. चुलते म्हनले, तिथं आरडलीस तर? मला बी पटलं. न्हाई गेले. लगनात मंडप भरला तवा मी पदराचा बोळा तोंडात धरून बसले होते, चुकून तोंडातून निघू नये म्हनून. ह्या पोरींच्या शाळेत कंदी गेले न्हाई. गर्दी असती. आपन काय करून बसू, आपल्याला कळनार बी न्हाई." हे ती भाजीपाल्याचे भाव सांगावेत तसं सांगत होती. "माझ्या डोक्यात जमीन कंदीच नव्हती हलली, म्हंजे?"

"नव्हती," मी म्हणाले.

मी क्षमा मागितली. तिनं ती ऐकलीच नाही असं मला वाटलं. ती उठली, दारातून गिरणीकडं हाक मारली. "जरा बंद करा ते. हिकडं या." गिरणीचा पट्टा थांबला आणि एकदम शांत झालं. नवरा आला, धाकटी मुलगी पुस्तक हातात घेऊन आतून आली. "आता ह्यांना सांग," कुसुम मला म्हणाली. मी त्यांना सांगितलं. नवऱ्यानं एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघितलं आणि पिठाचा हात कपाळाला लावला. मुलगी आईजवळ जाऊन उभी राहिली. कुसुमनं तिला आतून फोन आणायला लावला. "आनखी एकजन हाय," ती म्हणाली.

चुलते अजून होते. नव्वदीला टेकलेले, गावाकडं परत गेलेले. तिकडून कुणीतरी फोन त्यांच्या कानाला लावला. कुसुम म्हणाली, "काका, ही बाई काय सांगायलीय ते ऐका," आणि फोन माझ्या हातात दिला.

"त्या दिवशी शिकवणीत कुसुम ओरडली नव्हती," मी म्हणाले. "मी ओरडले होते."

"मी म्हंजे कोन?"

मी माझं नाव सांगितलं. वडिलांचं नाव सांगितलं, नांदेडची म्हणून सांगितलं. पलीकडं श्वास ऐकू येत होता. मला वाटलं त्यांना काही आठवत नसेल.

"ती मास्तरची," ते म्हणाले. "मान हलवलेली." मग थांबून म्हणाले, "तवा का न्हाई बोललीस?"

कुसुम समोर उभी होती. तिलाही ते ऐकायचं होतं. तिनं स्वतः विचारलं नसतं.

"मला लाज वाटत होती," मी म्हणाले.

"काय?" ते म्हणाले. "ऐकू न्हाई आलं. जोरात बोल."

दार उघडं होतं. गिरणीवर दळण घेऊन आलेल्या दोघी-तिघी बाया ओट्याशी येऊन थांबल्या होत्या. मी जोरात बोलले.